दोन ठिपक्यांचा कोळी: तांबड्या-हिरव्या वादाची पार्श्वभूमी

पानाच्या खालच्या अंगाला विरळ जाळी, वरच्या अंगाला फिकट टिपके आणि भिंगाखाली पाठीवर दोन काळपट डाग दिसले की नमुन्यावर दोन ठिपक्यांच्या बारीक कोळी किडीचे ‘टेट्रानिकस अर्टिसी’ हे नाव लागते. बहुतेकदा ते बरोबरही असते. मात्र हिरवा आणि तांबडा कोळी ही एकच जात की दोन, हा या नावाभोवतीचा वाद अर्धशतकाहून जास्त काळ चालला आणि त्याचे परिणाम आजही चिठ्ठ्यांवर, नोंदवह्यांत आणि फवारणीच्या सल्ल्यांत दिसतात.

जुना इतिहास थोडक्यात असा. 1758 मध्ये जाळे विणणाऱ्या एका कोळ्याला ‘टेलारिअस’ हे नाव मिळाले, पण वर्णन इतके त्रोटक होते की ते अनेक जातींना लागू पडे. 1836 मध्ये ‘अर्टिसी’ आणि 1867 मध्ये तांबड्या कोळ्यासाठी ‘सिनाबारिनस’ ही नावे आली. पुढे पीक बदलले की नवे नाव, असे चालत राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारख्या कीटकनाशकांनी भक्षक कीटक आणि भक्षक कोळी मारले, पानं खाणारा कोळी मात्र वाचला आणि मुख्य कीड बनला. तेव्हा कुठे त्याच्या नेमक्या ओळखीची निकड भासू लागली.

1955 च्या मोठ्या फेरआढाव्यात तांबडे-हिरवे सगळे ‘टेलारिअस’ या एकाच नावाखाली घातले गेले. पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, संकराच्या प्रयोगांच्या आधारे तांबडा आणि हिरवा पुन्हा वेगळे काढले गेले. पुराव्याचे मुद्दे तीन होते. पहिला, नराच्या संभोगेंद्रियाच्या, म्हणजे एडिॲगसच्या, टोकाची गाठ. हिरव्यात तिचे पुढचे आणि मागचे अशी दोन्ही टोके अणकुचीदार, तर तांबड्यात पुढचे टोक गोलसर. दुसरा, मादीच्या पाठीवरील बारीक रेषांवरचे उंचवटे: हिरव्यात अर्धगोल, तांबड्यात त्रिकोणी. तिसरा, दिवस लहान झाले की हिरव्याच्या माद्या नारिंगी होऊन सुप्तावस्थेत जातात, तांबड्याच्या सहसा जात नाहीत.

यातला एकही मुद्दा पुढे नीट टिकला नाही. गाठीची रुंदी जेमतेम 2 ते 3 मायक्रॉन. नर किंचित कलंडला तरी गोल टोक अणकुचीदार भासते. उंचवट्यांचा आकार एकाच वसाहतीत बदलतो, आणि सुप्त माद्यांमध्ये तर उंचवटे नसतातच. म्हणजे थंडीत गोळा केलेल्या नारिंगी मादीवरून निर्णय घेणारा हमखास फसतो. रंग कॅरोटिनॉइडांवर, म्हणजे पिवळ्या-तांबड्या रंगद्रव्यांवर, ठरतो. त्यात थोडी जनुके बदलली तरी रंग पालटतो.

संकराचा पुरावा सर्वांत भक्कम वाटे, पण खरा गुंता तिथेच होता. या कोळ्यात फलन न झालेल्या अंड्यांतून नर निघतात, फलित अंड्यांतून माद्या. त्यामुळे संकर फसला तरी पिल्ले दिसतातच, फक्त ती सगळी नर असतात. माद्या किती निघाल्या आणि त्या माद्यांची अंडी उबली का, हे मोजल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. त्यावर वोल्बाकियाची भर. हा जिवाणू असलेल्या नराचा तो नसलेल्या मादीशी संयोग झाला तर एकाच जातीतही अंडी मरू शकतात. सुरुवातीच्या प्रयोगांत हा जिवाणू तपासला जाणे शक्यच नव्हते. शिवाय एकाच रंगाच्या दोन लांबच्या वसाहतींतही असे अडथळे आढळले आणि वेगळ्या रंगांच्या काही जोड्यांना प्रजननक्षम संतती झाली.

2013 मध्ये जुना-नवा पुरावा एकत्र मांडून ‘सिनाबारिनस’ हे ‘अर्टिसी’चेच दुसरे नाव ठरवले गेले. काही ठिकाणी अजून दोन्ही नावे वापरतात, पण निर्णय योग्यच होता. तो वीस वर्षे आधी झाला असता तर कीटकनाशकांविरुद्धच्या प्रतिकारशक्तीच्या कितीतरी नोंदी दोन खात्यांत विभागल्या गेल्या नसत्या.

मात्र विलीनीकरणाचा एक वाईट परिणाम झाला. तांबडा कोळी दिसला की तो ‘अर्टिसीचा तांबडा प्रकार’ समजून विषय बंद होऊ लागला. टोमॅटो, वांगे यांवरचा ‘टेट्रानिकस इव्हान्सी’ही तांबडाच असतो. त्याच्या मादीच्या पहिल्या पायाच्या शेवटच्या खंडावरील जोडकेसांची (एकमेकांना चिकटून उगवणाऱ्या केसांच्या जोड्यांची) मागची जोडी स्पर्शकेसांच्या रेषेतच येते. अर्टिसीत ते चार स्पर्शकेस त्या जोडीच्या बरेच मागे असतात. हा फरक महत्त्वाचा, कारण अर्टिसीवर उत्तम काम करणारा ‘फायटोसीयूलस पर्सिमिलिस’ हा भक्षक कोळी इव्हान्सीवर नीट वाढत नाही. ओळख चुकली तर सोडलेले भक्षक वाया जातात.

अशा वेगळ्या जाती पक्क्या ओळखायला नराचा एडिॲगसही पाहावा लागतो, म्हणून नराची स्लाइड आजही टाळता येत नाही. नर मादीहून लहान, मागे निमुळता, लांब पायांचा. नमुन्यात नर नसतील तर मादी-पिल्लाची शेवटची निश्चल अवस्था उचलून पानाच्या ओल्या चकतीवर एकटी ठेवावी. कुमारी मादी नरच देते आणि 25 अंश सेल्सिअसला अंड्यापासून साधारण 10 ते 12 दिवसांत प्रौढ नर मिळतात. नर लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून हॉयरच्या द्रावणात बसवावेत: ऊर्ध्वपातित पाणी 50 मिली, डिंक 30 ग्रॅम, क्लोरल हायड्रेट 200 ग्रॅम, ग्लिसरीन 20 मिली, याच क्रमाने. नर कुशीवर ठेवून कव्हर स्लिप अलगद सोडावी. मग हवे तर ती केसभर सरकवून नर बरोबर आडवा आणावा. दाबली तर गाठ चपटी होते आणि मोजमाप खोटे ठरते. बरेच नर उपडेच बसतात, म्हणून किमान दहा तरी घ्यावेत. स्लाइड 40 ते 45 अंशांवर आठवडाभर सुकवावी, कडा वार्निशने बंद कराव्यात. हे द्रावण ओलावा ओढते, कडा उघड्या राहिल्या तर नमुना काही महिन्यांत बिघडतो.

डीएनए चाचणीसाठी त्याच वसाहतीतले काही कोळी 95 टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवावेत. 70 टक्क्यांत डीएनए लवकर खराब होतो. आणि चिठ्ठीवर जिवंतपणीचा रंग लिहावा. अल्कोहोलमध्ये तो काही दिवसांतच उतरतो.