उपजत कृशता

उपजत कृशता : पोटभर खाणाऱ्या, कोणताही आजार नसलेल्या आणि बारीक राहण्याची धडपडही न करणाऱ्या माणसाचे वजन वर्षानुवर्षे कमीच राहते, त्या शरीरस्थितीला उपजत किंवा प्रकृतिजन्य कृशता म्हणतात. ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ हा बोलीतला वाक्प्रयोग तिचे वर्णन बऱ्यापैकी नेमके करतो. भाषेने या देहाला दोन टोकांचे शब्द दिले आहेत. शेलाटा, सडपातळ हे कौतुकाचे. किडकिडीत, लुकडा, काडीपैलवान हे टोमण्याचे. एकाच माणसाला दोन्ही ऐकावे लागतात. अशी माणसे निरोगी असतात का, याचे उत्तर ‘होय, बहुतेक वेळा’ असे आहे. मात्र हे उत्तर वजन किती आहे यापेक्षा ते स्थिर आहे की घसरते आहे यावर जास्त अवलंबून असते.

मोजमाप : किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. हे गणित बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अदॉल्फ केतले यांनी १८३२ मध्ये मांडले. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव अ‍ॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये रूढ केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत प्रौढांसाठी १८.५ च्या खाली कृशता धरतात : १७ ते १८.५ सौम्य, १६ ते १७ मध्यम आणि १६ च्या खाली तीव्र. म्हणजे १७० सेंमी. उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे ५३.५ किलोंच्या खाली गेले, किंवा १६० सेंमी. उंचीच्या व्यक्तीचे सुमारे ४७.४ किलोंच्या खाली गेले, की ती या रकान्यात पडते. मुलांना हे आकडे लावत नाहीत. त्यांच्यासाठी वयानुसार वाढीचे तक्ते असतात.

हा निर्देशांक मुळात लोकसमूहासाठी रचलेला आहे. एकट्या माणसाच्या शरीरात चरबी किती आणि स्नायू किती हे तो सांगत नाही. चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. त्यामुळे हातापायांनी बारीक पण पोट सुटलेल्या माणसाने ‘आपण तर सडपातळ’ म्हणून निर्धास्त राहू नये. त्याची रक्तशर्करा, मेदपातळी आणि यकृत इतर कोणाइतकेच तपासायला हवे. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर वजनकाट्यावरचा कमी आकडा दिलासा देणारा नसतो.

कारणे : कृशता घराण्यात चालते. डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींच्या १९८६ मधील अभ्यासात त्यांच्या अंगलटीचा संबंध जन्मदात्या आईवडिलांशी आढळला, वाढवणाऱ्या पालकांशी आढळला नाही. आणि तो संबंध लठ्ठपणापुरता नसून अगदी कृश टोकापर्यंत होता. केंब्रिजमध्ये सदफ फारूकी यांच्या गटाने १,६०० हून अधिक निरोगी कृश व्यक्तींचा जनुकीय अभ्यास करून तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या कुटुंबात आणखी कोणीतरी तसेच बारीक आणि ठणठणीत होते. गुणसूत्र १६ वरच्या एका ठरावीक तुकड्याची जादा प्रत असलेल्यांत कृशता जास्त दिसते आणि तोच तुकडा गहाळ असलेल्यांत लठ्ठपणा. २०२० मध्ये एस्टोनियातील जैवबँकेच्या (लोकांचे जैविक नमुने व आरोग्यनोंदी यांच्या संग्रहाच्या) नोंदींवरून एएलके हे जनुक पुढे आले. ते काढून टाकलेले उंदीर चरबीयुक्त खाणे देऊनही बारीक राहिले. तरीही ‘बारीकपणाचे जनुक’ असे एकच काही नाही. अनेक जनुकांचे लहान लहान हातभार मिळून ही प्रकृती बनते.

खाल्लेले जाते कुठे? जेम्स लेव्हिन यांच्या १९९९ मधील प्रयोगात लठ्ठ नसलेल्या १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० किलोकॅलरी जास्त दिल्या गेल्या. काहींची चरबी ०.३६ किलोनेच वाढली, काहींची ४.२३ किलोंनी. फरक पडला तो बहुतांशी व्यायामाव्यतिरिक्तच्या हालचालींतून : उठबस, चुळबुळ, उभे राहणे, बसण्याची ढब. हा खर्च कुणाचा दिवसाला जवळजवळ ७०० किलोकॅलरींनी वाढला, तर कुणाचा किंचित घटलाच. क्लोद बुशार यांनी १९९० मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना एकूण ८४ दिवस असेच जास्त खायला घातले. सरासरी वाढ ८.१ किलो झाली, पण कुणाची ४.३ तर कुणाची १३.३, आणि एका जोडीतल्या दोघांची वाढ एकमेकांशी बरीच जुळली. दुसरे कारण भुकेचे आहे. उपजत कृश व्यक्तींना पोट भरल्याची जाणीव लवकर होते, आणि एका वेळी जास्त खाल्ले की पुढच्या जेवणांत ते नकळत कमी खातात. ‘मी खूप खातो’ असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते, कारण लक्षात राहते ते भरपेट जेवण, त्यानंतरचे अर्धे ताट नव्हे.

आजारापासून वेगळी कशी ओळखावी : पहिली कसोटी वजनाचा इतिहास. शाळकरी वयापासून वाढीची रेषा खालून पण समांतर गेलेली असते आणि प्रौढपणी वजन एक-दोन किलोंच्या पट्ट्यात फिरते. उलट, न ठरवता ६ ते १२ महिन्यांत शरीराच्या ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरले तर तपासणी हवीच. ५० किलोंच्या माणसासाठी याचा अर्थ फक्त अडीच किलो. नेमकी इथेच चूक होते. ‘ती आधीपासूनच बारीक आहे’ या समजापोटी खरीखुरी घसरण घरच्यांच्या आणि कधी डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. म्हणून अशा व्यक्तीने तीन महिन्यांतून एकदा वजन लिहून ठेवणे हा सगळ्यांत स्वस्त बचाव आहे.

दुसरी कसोटी शरीराच्या कारभाराची. उपाशी शरीर काटकसर करते : थायरॉइडचे टी३ संप्रेरक घटते, ताणाचे संप्रेरक कॉर्टिसोल वाढते, चरबीपेशींतून येणारे लेप्टिन तळाला जाते, पाळी थांबते, नाडी मंदावते, हातपाय गार पडतात. उपजत कृश स्त्रीची पाळी नियमित असते आणि टी३, कॉर्टिसोल सामान्य असतात. चरबीचे प्रमाणही अनेकदा सामान्याच्या जवळ असते. कमी असतात ते स्नायू आणि हाडे. तिसरी कसोटी मनाची : उपजत कृश व्यक्तीला वजन वाढावे असे वाटते, अ‍ॅनोरेक्सिया (मुद्दाम उपाशी राहण्याचा विकार) झालेल्या व्यक्तीला वजनवाढीचे भय असते. ही कसोटी एकटी पुरत नाही, कारण खाण्याचे विकार लपवले जातात. जेवणानंतर लगेच स्नानगृहात जाणे, उलट्यांमुळे दातांचे आवरण झिजणे, ताप असतानाही व्यायाम न चुकवणे या गोष्टी तोंडी उत्तरांपेक्षा जास्त बोलतात.

शंका असल्यास प्राथमिक तपासण्या ठरलेल्या आहेत : रक्तपेशींची मोजणी, सीआरपी किंवा ईएसआर (शरीरातील दाहाची खूण), टीएसएच (थायरॉइडसाठी), रक्तशर्करा व एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांची सरासरी शर्करा), मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या, सीलिअ‍ॅक रोगासाठी (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला होणारी इजा) प्रतिपिंडे, एचआयव्ही, लघवी, छातीचा एक्स-रे आणि गरजेनुसार शौचतपासणी. थायरॉइडची वाढलेली क्रिया, पहिल्या प्रकारचा मधुमेह, क्षय, आतड्याचा दाह, कृमी, अ‍ॅडिसनचा रोग (मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींची क्रिया मंदावणे), कर्करोग आणि नैराश्य ही नेहमीची छुपी कारणे. औषधेही विसरू नयेत; अपस्मारावरचे टोपिरामेट आणि एकाग्रतेसाठी दिली जाणारी उत्तेजके भूक मारतात, सिगारेटही मारते. फार उंच, लांब बोटांचा, उंचीपेक्षा हातांचा पसारा स्पष्टपणे जास्त असलेला कृश तरुण असेल तर मार्फान विकाराचा (शरीराच्या जोडऊतींचा आनुवंशिक विकार) विचार करून हृदयाची प्रतिध्वनी तपासणी (इको) करावी, कारण त्यात महाधमनी फाटण्याचा धोका असतो. तसा विकार नसलेल्या उंच, सडसडीत तरुणांतही फुप्फुसाबाहेर अचानक हवा साठण्याचे प्रमाण जास्त आहे. एका बाजूला एकाएकी कळ येऊन दम लागला, तर ती स्नायूची उसण समजून घरी थांबू नये.

जोखीम : मोठ्या लोकसंख्येत मृत्युदराचा आलेख दोन्ही टोकांना वर चढतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३९ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात धूम्रपान कधीच न केलेले, जुनाट आजार नसलेले लोक निवडले होते, आणि पहिल्या पाच वर्षांतले मृत्यूही वगळले होते. तरीही २० ते २५ बीएमआयच्या तुलनेत १८.५ ते २० या गटात मृत्युदर १३ टक्के आणि १५ ते १८.५ या गटात ५१ टक्के जास्त निघाला. हा आकडा वाचून उपजत कृश माणसाने घाबरण्याचे कारण नाही. त्या गटात निदान न झालेले आजार, कुपोषण आणि खाण्याचे विकार यांची सरमिसळ असते आणि ती पूर्णपणे निवडून काढता येत नाही. पण ‘जितके बारीक तितके निरोगी’ हा समजही त्यातून टिकत नाही.

खरे दुबळे ठिकाण हाडांचे आहे. कृश शरीरात हाडे आकाराने लहान आणि त्यांच्यावर पडणारा भारही कमी. संप्रेरके सामान्य असूनही अस्थिघनता अनेकदा कमी निघते. डेक्सा ही हाडांची क्ष-किरण चाचणी घनता क्षेत्रफळावर मोजते, त्यामुळे लहान हाड प्रत्यक्षापेक्षा विरळ दिसते. म्हणून पाळी चालू असलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यात तरुण प्रौढांशी तुलना करणारा टी-स्कोअर न पाहता वयाशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहावा आणि तो उणे २ च्या खाली असेल तरच पुढचा शोध घ्यावा. हाडांचा साठा तिशीपर्यंत भरतो. त्या आधीची वर्षे वाया गेली तर नंतर फक्त गळती रोखता येते. उड्या, दोरी, जिने आणि वजन उचलणे यांनी हाडाला जो धक्का बसतो तो पोहण्याने किंवा सायकलने मिळत नाही. रोज सुमारे १,००० मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि पुरेसे ड जीवनसत्त्व याला पर्याय नाही.

गर्भारपणात १८.५ खालच्या स्त्रियांसाठी १२.५ ते १८ किलो वजनवाढीची शिफारस आहे, इतरांपेक्षा जास्त. ती न झाल्यास बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे होण्याचा धोका वाढतो.

मन आणि समाज : चरकसंहितेत निंदित मानलेल्या आठ देहांत अतिस्थूल आणि अतिकृश दोन्ही येतात, पण दोहोंत कृशच बरा असा निर्वाळाही तिथेच आहे. युरोपात एर्न्स्ट क्रेच्मर यांनी १९२१ मध्ये कृश बांध्याची सांगड विशिष्ट मानसिक आजाराशी घातली. विल्यम शेल्डन यांनी १९४० च्या सुमारास ‘एक्टोमॉर्फ’ हा शब्द देऊन त्याला अबोल, बुजरा स्वभाव चिकटवला. स्वभावाचा तो भाग विज्ञानाने कधीच टाकून दिला. शब्द मात्र व्यायामशाळांत अजून फिरतो. बांध्यावरून सुख ओळखता येत नाही. वजनाच्या दोन्ही टोकांना नैराश्य थोडे जास्त आढळते, पण नैराश्याने भूक मरते हेही तितकेच खरे असल्याने कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे करणे अवघड असते.

कृश माणसाला खुपतो तो बहुधा इतरांचा मोकळेपणा. लठ्ठ माणसाला तोंडावर जे बोलायला लोक कचरतात, ते लुकड्याला हसत हसत बोलले जाते. त्यात आजारपणाची, उपाशीपणाची आणि अपत्यक्षमतेची शंका फुकट मिळते. मुलींना सल्ले मिळतात, मुलग्यांची थट्टा होते. काही तरुणांत ही बोच पुढे स्नायूंच्या ध्यासात बदलते. आरशात स्वतःचे शरीर कायम खुरटे दिसणे हा एक ओळखला गेलेला मनोविकार आहे आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनांकडे जाणारी एक वाट त्यातून निघते.

वजन वाढवायचे असल्यास : ध्येय स्नायूंचे ठेवावे, काट्याचे नव्हे. रोजच्या खाण्यात ३०० ते ५०० किलोकॅलरींची भर पुरे. आठवड्याला पाव किलो वाढ चांगली मानावी. भूक लवकर भागत असल्याने ताट मोठे करण्यापेक्षा खाण्याच्या वेळा पाच-सहा कराव्यात, जेवणाआधी पाणी किंवा चहा टाळावा आणि ऊर्जा द्रवरूपात किंवा स्निग्धांशातून घालावी. तेलाच्या एका लहान चमच्यात सुमारे ४० किलोकॅलरी असतात आणि पोटाला ते जाणवतही नाही. प्रथिने दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ५० किलोंना ६० ते ८० ग्रॅम, दिवसभरात विभागून. आठवड्यातून दोन-तीन दिवस मोठ्या स्नायूंचे व्यायाम : बैठका, ढकलणे, ओढणे, जमिनीवरून उचलणे. प्रत्येकाची तीन आवर्तने, ८ ते १२ वेळा. बारा सहज जमू लागले की उचलायचे वजन थोडे वाढवावे. वजन काट्यावर सकाळी शौचानंतर, आठवड्यातून तीनदा करावे आणि सरासरीच पाहावी.

पहिल्या दोन आठवड्यांत चढणारा किलोभर भार बराचसा पाण्याचा असतो. नंतर आकडा थांबतो, कारण हालचाल वाढते आणि भूक आखडते. तिथे आणखी २०० किलोकॅलरींची भर घालावी लागते. बहुतेक जण नेमके इथेच सोडून देतात आणि वजन जुन्या जागी येते. साखर व तळलेल्या पदार्थांवर भर दिला तर पोट तेवढे सुटते, दंड तसेच राहतात. ‘हमखास वजनवाढी’च्या निनावी गोळ्या-पावडरींत सायप्रोहेप्टाडीन (भूक वाढवणारे अॅलर्जीचे औषध) किंवा डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड) मिसळलेले सापडते. पहिल्याने गुंगी येते. दुसऱ्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे आणखी विरळ होतात, आणि गोळ्या एकदम थांबवल्या तर अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असल्याने रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळू शकतो.

दवाखान्यात घ्यायची काळजी : नेहमीचा रक्तदाबाचा पट्टा बारीक दंडाला मोठा होतो आणि दाब खोटाच कमी दाखवतो, दंडाचा घेर २२ ते २६ सेंमी. असेल तर लहान प्रौढ आकाराचा पट्टा मागून घ्यावा. पॅरासिटॅमॉलसारखी औषधे ५० किलोंखाली वजनानुसार द्यावी लागतात. एका वेळी दर किलोमागे १५ मि.ग्रॅ. धरल्यास ४० किलोंच्या माणसाला ६०० मि.ग्रॅ. होतात, एक ग्रॅम नव्हे. दंडातले इंजेक्शन खांद्याच्या टोकाशी फार वर दिले तर कमी मांसामुळे सुई सांध्याच्या आवरणापर्यंत पोचून खांदा महिनोन् महिने दुखू शकतो.