शेवटचं वळण न विसरणारी गाडी

शॉकअप नवे, लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारे दांडे) नवे, टाय रॉड एंडही (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यांची टोकं) नवे. खड्ड्यांतला आवाज गेला. पण दुरुस्तीनंतर पहिल्याच सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढू लागली, किंवा सरळ जातानाही स्टिअरिंग तिरकं दिसू लागलं, किंवा वळण संपल्यावर ते आपणहून मागे येईना. अशा वेळी पहिला संशय नव्या पार्टवर जातो आणि दुसरा मेकॅनिकवर. माझ्या मते आधी कोनांकडे बघावं. चाक कुठे बघतंय, किती कललंय आणि कोणत्या अक्षाभोवती वळतंय हे सस्पेन्शनचे भाग नेमके कुठे बसलेत त्यावर ठरतं. भाग अस्सल असूनही जरासा सरकून बसला, तरी हे सगळं बदलतं.

मिलिमीटरभरानं काय होतंय, असं वाटेल. हिशोब करून बघू. टाय रॉड एंड बदलताना जुना किती फेऱ्यांत निघाला ते मोजून नवा तितक्याच फेऱ्या आत घ्यायचा, ही सवय चांगलीच. पण आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर आणि चाक वळवणारा स्टिअरिंग आर्म १२० मिलिमीटर धरला, तर एका फेरीची चूक चाकाची दिशा सुमारे ०.७ अंशानं बदलते. गाडी धावू लागली की रस्ता ही चूक दोन्ही पुढच्या चाकांत निम्मी-निम्मी वाटून देतो. दोन्ही चाकं एकमेकांविरुद्ध सारख्याच जोरानं ढकलतात, म्हणून गाडी सरळ जाते. मात्र त्यासाठी स्टिअरिंग मधून हललेलं असतं. चाक एक अंश वळायला स्टिअरिंग १५ अंश फिरवावं लागत असेल, तर ते पाचेक अंश तिरकं दिसेल. शिवाय प्रत्येक चाक किलोमीटरमागे सहा मीटर आडवं घासत राहील. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा : एका दिशेनं गुळगुळीत लागतं, उलट दिशेनं करवतीसारखं बोटांना अडतं. तिरकं स्टिअरिंग काढून सरळ बसवणं हा यावरचा उपाय नाही. दोन्ही टाय रॉडची लांबी जुळवायला हवी.

पुढची चाकं बिनचूक असूनही स्टिअरिंग तिरकंच राहिलं तर मागे बघा. मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेला सोडून किंचित एकीकडे बघत असतील, तर सरळ जायला पुढची चाकंही तितकीच त्या बाजूला वळवून धरावी लागतात आणि गाडी रस्त्यावरून थोडी तिरकी चालते. फक्त पुढच्या दोन चाकांच्या अलाइनमेंटमध्ये (कोन मोजून जुळवण्यात) हे कधीच दिसणार नाही. चारही चाकं मोजायला हवीत.

ओढण्याची तक्रार वेगळी. इथे घाईनं कोन बदलायला जाऊ नये. आधी हवा तपासा. मग रस्ता बघा, कारण पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे सुमारे दोन टक्के उतार दिलेला असतो आणि निर्दोष गाडीही हळूहळू तिकडे सरकते. पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून बघा (ज्यांच्यावर फिरण्याची दिशा छापलेली असते ते सोडून). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. थोडं चालवल्यावर एकच चाक जास्त तापत असेल तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीये. हे सगळं बघूनही ओढ तशीच राहिली, तर कॅम्बर (चाकाचा वरून आत किंवा बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) यांच्याकडे या. ज्या बाजूचं चाक वरून जास्त बाहेर कललंय त्या बाजूला गाडी ओढते, आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूलाही.

हे कोन शॉकअप बदलल्यावर का हलतात? आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. फोर्ड कंपनीत काम करणाऱ्या अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना १९५० च्या दशकापासून पसरत गेली. तिच्यात शॉकअप हा नुसते धक्के जिरवणारा नळा नसतो, चाकाला उभं धरणारा खांबही तोच असतो. चाकाचा नकल (चाक ज्यावर बसतं तो धातूचा भाग) या खांबाला बहुधा दोन बोल्टनी जोडलेला असतो. त्या बोल्टमध्ये ६० मिलिमीटर अंतर आहे आणि भोकांतल्या ढिलेपणामुळे एकाच्या जागी नकल एक मिलिमीटर हलला असं धरा. कॅम्बर जवळपास एक अंशानं बदलला. बोल्ट पुन्हा कितीही घट्ट आवळले तरी नकल आधीच्याच जागी बसेल याची खात्री नसते.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी खोड. उजवीकडे वळून आलात की गाडी उजवीकडे ओढते, डावीकडे वळून आलात की डावीकडे. ओढीची बाजू शेवटच्या वळणावर ठरते. कॅम्बर किंवा टायरचा दोष असा बाजू बदलत नाही, म्हणून इथे अलाइनमेंटवर पुन्हापुन्हा पैसे घालवणं व्यर्थ आहे.

फिरत्या खुर्चीचं छोटं चाक आठवा. खुर्ची ढकलली की ते खुंटीच्या मागे येतं आणि आपोआप सरळ होतं. गाडीचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तोही वरून मागे झुकलेला असतो, बहुतेक गाड्यांत तीन ते सात अंश. हा कॅस्टर. अक्षाची रेषा रस्त्याला जिथे भेटते त्याच्या मागे टायर टेकतो, म्हणून धावत्या गाडीत चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं. पण हा जोर मर्यादित असतो. कुठलाही सांधा जाम असला की तो हरतो, आणि स्टिअरिंग सोडाल तिथेच थांबतं.

मॅकफर्सन रचनेत पहिला संशय स्ट्रटच्या डोक्यावरच्या बेअरिंगवर घ्यावा. जुनं बेअरिंग तसंच ठेवून नवा स्ट्रट बसवला किंवा बेअरिंग उलटं बसलं, तर स्प्रिंग चाकाबरोबर फिरत नाही. ती पिळली जाते आणि मग एकदम सुटते. गाडी उभी असताना एकानं स्टिअरिंग फिरवावं, दुसऱ्यानं स्प्रिंगवर हलका हात ठेवावा, बोटं वेटोळ्यांमध्ये न घालता. स्प्रिंग सलग फिरत असेल तर ठीक. झटक्यानं उडी मारत असेल तर दोष सापडला. तिथे काही नसेल तर चाकं उचलून दोन्ही टाय रॉड नकलपासून सोडवा आणि एकेक चाक हातानं वळवून बघा. जे जड लागेल त्याचा बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि नकल यांच्यातला गोल सांधा) किंवा वरचं बेअरिंग अडतंय. दोन्ही हलकी असतील तर रॅक (स्टिअरिंग फिरवलं की टाय रॉडना आडवं सरकवणारा भाग) आणि स्टिअरिंग कॉलमचे सांधे उरतात.

रबरी बुशची चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही. लोअर आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली ठेवताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी किंचित उंच उभी राहते, कडक वाटते आणि नवे बुश फार लवकर फाटतात. म्हणून शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असतानाच करायचं. हे पाळलं होतं का, हा प्रश्न मेकॅनिकला जरूर विचारावा. त्यात अपमान काही नाही.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट. अलाइनमेंटनंतर बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग अँगल सेन्सरला नवा मध्य स्कॅनरनं शिकवावा लागतो. ते राहिलं तर स्थिरता-नियंत्रणाचा दिवा लागतो, आणि काही गाड्यांत स्टिअरिंग जुन्या मध्याकडे ओढ घेतं.

ही सगळी तपासणी शांतपणे करायची आहे, एक लक्षण सोडून. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला झेपावते, ॲक्सिलरेटर दिला की दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही वेळा खालून ‘टॉक’ असा आवाज येतो. म्हणजे लोअर आर्म किंवा ज्या क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) तो जोडलाय तो आपल्या जागी पुढे-मागे सरकतोय. बोल्ट ढिला राहिलाय किंवा बुश सुटलाय. अशी गाडी चालवत दुरुस्तीला नेऊ नका. तिथेच उभी करा आणि उचलून न्या.