डेटा संपला म्हणून जीपीएस बंद पडत नाही

‘मोबाइलचं नेट बंद केलं की जीपीएस चालत नाही’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. समज होणं साहजिक आहे, कारण नेट गेलं की नकाशा कोरा दिसतो. पण कोरा होतो तो नकाशा, ठिकाण नव्हे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवरून लहरींतून सतत वेळ आणि स्वतःची जागा सांगतात. फोन फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. लहर पोचायला लागलेल्या वेळेवरून तो उपग्रहाचं अंतर काढतो; चार उपग्रह ऐकू आले की ठिकाण निघतं. नेटमुळे उपग्रहांची माहिती लवकर मिळते, एवढंच. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यायला अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त लागतो.

पडताळून पाहा: पुण्यात तळजाईच्या पठारावर मोकळ्यात डेटा, वायफाय बंद, लोकेशन चालू ठेवा. अक्षांश-रेखांश दाखवणारं ॲप आधीच घेऊन ठेवा. सुमारे 18.5 उत्तर, 73.8 पूर्व दिसेल, चूक साधारण पाच मीटर.

तेच तुळशीबागेच्या बोळात केलंत तर ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारेल. तिथे लहरी भिंतींवर आपटून येतात; वाट 30 मीटरने लांबली की फोनला तो उपग्रह तेवढा जास्त दूर वाटतो. त्यात नेटचा दोष नाही.