पऱ्हाटीच्या वावरापासून लीना हॉर्नपर्यंत

येत्या रविवारी संध्याकाळी आमच्या गावच्या वाचनालयात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायिका लीना हॉर्नची गाणी ऐकायचं ठरलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव. इथले कान खंजेरीवरच्या भजनांना, दंडारीला, भीमगीतांना सरावलेले. जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेलं संगीत; हा शब्दच कित्येकांनी या निमित्ताने पहिल्यांदा ऐकला. "कोण ही बाई, आन् आपला तिचा काय संबंध?" असं एका आजीने विचारलं. संबंध आहे, आणि तो कापसाचा आहे. म्हणून गाणी लागण्याआधी हे लिहून ठेवते.

सुरुवात १७९३ सालापासून करावी लागेल. त्या वर्षी अमेरिकेत एली व्हिटनीने रुईपासून सरकी वेगळी करणारं यंत्र काढलं. सरकी हाताने सोडवणं किती जिकिरीचं असतं, हे इथे कुणाला सांगायला नको. यंत्राने ते काम सोपं झालं. मग माणसांचे कष्ट कमी व्हायला हवे होते, पण झालं उलटंच. कापूस लावणं फायद्याचं ठरलं, नवनवीन जमीन लागवडीखाली आली आणि वेचायला आणखी गुलाम लागले. १७९० साली अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० साली जवळपास ४० लाख. संध्याकाळी प्रत्येकाच्या कापसाचं वजन व्हायचं आणि कमी भरलं तर पाठीवर चाबूक पडायचा. आमच्याकडेही दिवसभर वेचून धुऱ्यावर काटा लागतो आणि बायांचे डोळे त्या काट्यावर असतात. पण हे दोन काटे मी सारखे धरत नाही. तिथे कापसाबरोबर माणूसही विकला जात होता.

त्या वावरांमध्ये काम करताना एकाने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, अशी गाणी होती. त्यांच्यातून, चर्चमधल्या भजनांतून आणि दुःखाच्या लांब सुरांतून पुढे ब्लूज हा गाण्याचा प्रकार आला आणि जॅझला तिथूनच रक्तमांस मिळालं.

दुसरा धागा आपल्या मातीतला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत उत्तरेतली आणि गुलाम ठेवणारी दक्षिणेतली राज्यं यांच्यात यादवी युद्ध झालं. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जात असे. दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि गिरण्या उपाशी राहिल्या. त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगाव, अमरावती, हिंगणघाट इथल्या बाजारांना तेव्हा आलेला भाव पुढे कित्येक वर्षं बोलला जात होता. युद्ध संपताच तो कोसळलाही. रेल्वे मात्र राहिली : १८६७ साली नागपूरला आणि १८७० साली खामगावला गाडी पोचली, ती कापूस न्यायलाच. त्याच युद्धाने तिथली गुलामी संपवली, आणि महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आपल्या माणसांना ती वेदना तेव्हाच ओळखीची वाटली होती.

आता लीनाकडे येते. तिच्या आजीचे वडील मोझेस कॅल्हून हे जॉर्जियात, म्हणजे कापसाच्याच मुलखात, कॅल्हून घराण्याच्या मालकीचे गुलाम होते. तिच्या वंशात आफ्रिकी, युरोपीय आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं रक्त मिसळलेलं. ‘मिश्र वंश’ हा शब्द ऐकायला सौम्य आहे. पण गुलामीच्या काळात ही मिसळ बहुतेकदा मालकाच्या बळजोरीतून झाली, आणि त्या बाईला नाही म्हणायची सोय नव्हती. लीनाचा जन्म ३० जून १९१७ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. आजी कोरा ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी, करारी बाई. त्याच हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या पत्रकात सर्वांत लहान सदस्य म्हणून लीनाचा फोटो छापून आला, तेव्हा ती दोन वर्षांची होती.

१९३३ साली, सोळाव्या वर्षी, ती न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या एका क्लबात नाचायला लागली. त्या क्लबाचं नाव ‘कॉटन क्लब’. मंचावर मळ्याचा देखावा, गाणारे-नाचणारे काळे आणि समोर बसणारे फक्त गोरे. नाचणाऱ्या मुली उजळ रंगाच्याच हव्यात, असा दंडक. ज्या कापसाने तिच्या पूर्वजांना राबवलं, त्याचंच नाव दारावर लावून करमणूक विकली जात होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिथून ती वाद्यवृंदांत गेली आणि १९४२ साली एमजीएम या बड्या स्टुडिओशी तिचा करार झाला. मोलकरणीच्या भूमिका करणार नाही, हे तिने आधीच सांगितलं होतं. ती लॅटिन अमेरिकेची आहे असं भासवायची सूचनाही तिने झिडकारली. रंग उजळ होता, खोटं पचलं असतं. मग स्टुडिओने तिला बहुतेक चित्रपटांत खांबाला टेकून एखादं गाणं म्हणण्यापुरतं ठेवलं. दक्षिणेतल्या थिएटरांत तेवढा तुकडा कापला तरी कथा अडत नसे. पुढे ‘शो बोट’ या चित्रपटात मिश्र वंशाच्या ज्युलीची भूमिका होती. १९४६ च्या एका चित्रपटात त्याच ज्युलीचं गाणं लीनाने म्हटलेलं. तरी १९५१ साली ती भूमिका गोऱ्या एव्हा गार्डनरला दिली गेली.

दुसऱ्या महायुद्धात एका छावणीत ती सैनिकांसाठी गायला गेली. पुढच्या रांगांत जर्मन युद्धकैदी आणि त्यांच्या मागे अमेरिकेचेच काळे सैनिक बसवलेले. ती मंचावरून उतरली, मागे चालत गेली आणि कैद्यांकडे पाठ करून आपल्या माणसांसाठी गायली.

१९४७ साली तिने लेनी हेटन या गोऱ्या संगीतकाराशी पॅरिसला जाऊन लग्न केलं, कारण कॅलिफोर्नियात असं लग्न बेकायदा होतं. ते तीन वर्षं लपवावं लागलं. पुढच्या दशकात डाव्या विचारांच्या संशयावरून तिची कामं बंद झाली, तेव्हा क्लब आणि हॉटेलांतल्या मैफिलींनी तिला जगवलं. १९६३ च्या जूनमध्ये ती दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मेडगर एव्हर्स यांच्या सभेत गायली. काही दिवसांतच त्यांचा खून झाला. ऑगस्टमध्ये ती त्याच हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या मोर्चात होती. १९७०-७१ मध्ये वडील, मुलगा आणि नवरा एकामागून एक गेले.

ती अस्सल जॅझ गायिका होती का, यावर जाणकार वाद घालतात. ताना-पलट्यांची मोकळीक तिने फार घेतली नाही, हे खरं. तिचं बळ शब्दात आहे. एकेक शब्द ती दातांत धरून सोडते, आणि त्यात दबलेला राग स्पष्ट ऐकू येतो.

‘स्टॉर्मी वेदर’ हे गाणं पहिल्यांदा १९३३ साली त्याच कॉटन क्लबात एथेल वॉटर्स या गायिकेने गायलं होतं. १९४३ च्या त्याच नावाच्या चित्रपटाने ते लीनाचं झालं. १९८१ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तिने ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नामांकित नाट्यगृहांच्या भागात, एकटीच्या बळावर कार्यक्रम उभा केला, तो तीनशेहून अधिक प्रयोग चालला. त्यात ती हे गाणं दोनदा गायची. आधी तरुणपणी गायलं तसं, नेटकं आणि जपून. शेवटाकडे पुन्हा, या वेळी गळा पूर्ण सोडून. रविवारी आम्ही ती दोन्ही रूपं लागोपाठ लावणार आहोत, आणि आजींना पुढच्या रांगेत बसवणार आहोत.