पेट्रोलमध्ये ओतायच्या बाटलीमागची पार्श्वभूमी

इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकीत ओतली की इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या बारीक तोट्या, खरंच साफ होतात का, यावर सांगली-मिरजेत दोन पक्ष आहेत. एक पक्ष दर सर्व्हिसिंगला बाटली टाकतो आणि ‘गाडी हलकी झाली’ म्हणतो. दुसऱ्याच्या मते ते रंग घातलेलं रॉकेल. मला दोघांशीही वाद घालावासा वाटतो. बाटलीतलं रसायन खरं आहे, सत्तर वर्षं जुनं आहे, पण ते जन्माला आलं वेगळ्याच कामासाठी.

सुरुवात कार्बोरेटरपासून, म्हणजे जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापासून. पेट्रोलमधले काही घटक, विशेषतः ऑलेफिन, हवा आणि उष्णता मिळाली की डिंकासारखे चिकट होतात. हा डिंक कार्बोरेटरच्या तोंडाशी साचला की गाडी आयडलिंगला बंद पडायची. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलने, म्हणजे पुढच्या शेव्हरॉनने, त्यावर उपाय म्हणून पेट्रोलातच अमाइन जातीचं डिटर्जंट घातलं. ते काम करतं साबणासारखं. रेणूचं नायट्रोजन असलेलं टोक मळाला धरतं, लांब शेपटी पेट्रोलात विरघळते, आणि सुटलेला मळ पेट्रोलाबरोबर जाऊन इंजिनात जळून जातो.

आपल्याकडे हे काम मिस्त्रीचा हात करायचा. प्रीमियर पद्मिनीचा किंवा जुन्या मारुती ८०० चा कार्बोरेटर खोलायचा, वाटीभर पेट्रोलात जेट, म्हणजे त्यातल्या बारीक भोकांच्या तोट्या, धुवायचे, हवेने फुंकायचे. घाण डोळ्यांना दिसायची, गिऱ्हाइकाला दाखवता यायची. गाडीत इंजेक्टर आले आणि हे दाखवणं संपलं. बाटलीवरचा विश्वास आणि अविश्वास, दोन्ही तिथूनच सुरू झाले असं मला वाटतं.

अविश्वासाला अमेरिकेतही जुनं कारण आहे. १९७० मध्ये याच कंपनीने एफ-३१० नावाच्या नव्या डिटर्जंटची मोठी जाहिरात केली. गाडीच्या धुराड्याला लावलेला पारदर्शक फुगा आधी काळ्या धुराने भरायचा. सहा टाक्या नवं पेट्रोल वापरल्यावर तोच फुगा स्वच्छ दिसायचा. मात्र ‘आधीच्या’ गाडीचं इंजिन मुद्दाम घाण करणाऱ्या पेट्रोलवर चालवलेलं होतं, आणि स्वच्छ फुग्यातसुद्धा न दिसणारे विषारी वायू होतेच. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. प्रकरण अपील कोर्टात गेलं आणि १९७८ मध्ये निकाल लागला. वाद डिटर्जंट मळ काढतं की नाही हा नव्हताच. ते जितकं करतं त्याहून कितीतरी मोठा दावा केला गेला होता. बाटल्यांवरची अक्षरं वाचताना मला हा फुगा आठवतो.

खरी कसोटी लागली १९८० च्या दशकात. अमेरिकेत प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या गाड्या मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या आणि थोड्याच काळात मिसिंगच्या, म्हणजे इंजिन अडखळत चालण्याच्या, तक्रारी सुरू झाल्या. गाडी धावत असताना इंजेक्टरच्या टोकाला थंड पेट्रोल सतत लागतं, तोवर सगळं ठीक असतं. गाडी बंद केली की इंजिनची उष्णता टोकाकडे चढते, तिथे राहिलेला पेट्रोलचा थेंब शिजतो आणि वार्निशसारखा पापुद्रा मागे सोडतो. भोकं आधीच केसाएवढी. पापुद्र्याने फवाऱ्याची धार होते. पुढे यासाठी जी प्रमाणित चाचणी ठरली, तिच्यात गाडी १५ मिनिटं पळवायची आणि ४५ मिनिटं गरम उभी ठेवायची, असं १० हजार मैलांपर्यंत. विश्रामबागेतून मिरजेला जायचं, काम होईपर्यंत मे महिन्याच्या उन्हात गाडी उभी, पुन्हा तेवढंच मागे: आपण नकळत रोज तीच चाचणी घेत असतो.

उत्तर मिळालं ते दोन प्रकारच्या रसायनांतून. पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये हवा आत सोडणारी झडप) साफ ठेवतं, पण ज्वलनकक्षात स्वतःच थोडी काजळी वाढवतं. पॉलिइथर अमाइन, ज्याला पीईए म्हणतात, जास्त उष्णता सोसतं आणि तिथेही उपयोगी पडतं. चांगल्या बाटलीवर हे नाव शोधावं. या रसायनांचा परिणाम मोजून पाहिलेला आहे, आणि तो इतका भरवशाचा निघाला की कॅलिफोर्नियाने १९९२ पासून आणि सगळ्या अमेरिकेने १ जानेवारी १९९५ पासून प्रत्येक पेट्रोलात डिटर्जंट सक्तीचं केलं. मोजमापही ठरलं: चाचणीनंतर कोणत्याही इंजेक्टरचा प्रवाह ५ टक्क्यांहून जास्त घटता कामा नये. पुढे कंपन्यांनी कायद्यापुरतं किमान डिटर्जंट घालायला सुरुवात केली, तेव्हा बीएमडब्ल्यू, जीएम, होंडा आणि टोयोटा यांनी २००४ मध्ये ‘टॉप टियर’ नावाचं कडक मानक आणलं. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ मध्ये तुलना केली, तेव्हा हे मानक न पाळणाऱ्या पेट्रोलने सरासरी १९ पट जास्त थर जमवला होता.

हा सगळा पुरावा लिटरमागे चिमूटभर, पण रोज मिळणाऱ्या डिटर्जंटचा आहे. वर्षातून एकदा ओतलेल्या बाटलीचा डोस त्याच्या कितीतरी पट असतो आणि मऊ थर तो काढतोही, पण एका टाकीत जुनी गाडी नवी करायला हे औषध बनलेलं नव्हतं.

आपल्या देशात चित्र वेगाने बदललं. १ फेब्रुवारी २००० पासून शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं, प्रदूषणाच्या नियमांनी कार्बोरेटर मागे पडला, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) हा शब्द सांगलीच्या गॅरेजांत रुळला. २००२ मध्ये भारत पेट्रोलियमचं ‘स्पीड’ आलं, मागोमाग इतरांचीही अॅडिटिव्ह घातलेली महाग पेट्रोलं आली. त्याच काळात भेसळीची धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ भेसळ रोखायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलने थर वाढतो हे खरंच, म्हणून बाटली हा सामान्य माणसाने स्वतःपुरता शोधलेला बचाव होता. एप्रिल २०२० च्या बीएस-६ या प्रदूषण नियमांनी पेट्रोलातलं गंधक दहा लाखांत १० भागांवर आणलं, आणि साध्या मोटारसायकललाही इंजेक्टर बसला.

या बदलात आपल्या उसाचाही हात आहे. पेट्रोलात ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये तीन ठिकाणी झाले: मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातलं बरेली. साखर कारखान्यांच्या मळीपासून निघालेला हा अल्कोहोल मिरजेच्या पंपांवर देशाच्या आधी आला. आज प्रमाण २० टक्के आहे. इथेनॉल स्वतः चांगलं विद्रावक आहे. जुन्या टाकीतला, नळ्यांतला वर्षानुवर्षांचा डिंक ते सोडवतं. मात्र सुटलेला मळ पुढे जाऊन फिल्टरमध्ये अडकतो.

हे मी वडिलांच्या गाडीवर शिकलो. ती महिनाभर दारात उभी होती, नंतर चढाला दम टाकायला लागली. गॅरेजमधून सल्ला आला, “इंजेक्टर जाम असतील, बाटली टाकून बघू.” दोन बाटल्या झाल्या, फरक शून्य. शेवटी दुसऱ्या मिस्त्रींनी टाकीतला पंप बाहेर काढला. त्याच्या तळाची जाळी तपकिरी गाळाने बुजलेली होती. इंजेक्टर निर्दोष होते.

बाटली जिथे पोहोचते तिथेच काम करते, आणि ती पोहोचते फक्त पेट्रोल ओलं करतं तिथे. नव्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांत पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हला शिवतही नाही. तिथला काजळीचा थर कुठलीही बाटली काढू शकत नाही. ठिणगीसाठी लागणारी पण जळालेली कॉइल, अशक्त पंप, इंजेक्टरमधली घासलेली सुई यांनाही रसायन लागू नाही. डिझेलच्या कॉमन रेल इंजेक्टरची तर दुनियाच वेगळी; तिथला दाब दोन हजार बारपर्यंत जातो आणि पेट्रोलची बाटली तिथे चुकूनही ओतू नये.

शंका असेल तर इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावता येतात. चार काचेच्या नळ्या, चार फवारे, ठरलेला वेळ. कुठल्या नळीत पातळी कमी राहते ते गिऱ्हाइकालाही दिसतं, जसा पूर्वी जेटमधला कचरा दिसायचा.