हरणं कमी झाली तरी रोपं का येईनात? न्यूझीलंडच्या डोंगरी जंगलांची पार्श्वभूमी

आपल्याकडे गाय गवत चरते आणि शेळी झाडपाला, पण दोन्हीला शब्द एकच, 'चरणं', आणि अर्धा घोळ तिथेच होतो. गवत बुडापासून वाढतं, खाल्लं तरी परत येतं. झाडाच्या रोपाचा शेंडा खुडला की ते मागे पडतं, परत परत खुडला की गेलंच. शेळीचं तोंड लागलेलं आंब्याचं रोप ज्याने बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. न्यूझीलंडच्या डोंगरात तांबडी हरणं शंभराहून जास्त वर्षं हेच करतायत.

तिथे मूळची पाला खाणारी जनावरं नव्हतीच, मोआसारखे मोठे पक्षी होते, ते माणूस आल्यावर संपले. १८५१ पासून शिकारीच्या हौसेपायी इंग्लंड-स्कॉटलंडची हरणं नेली. आपलं चितळही नेलं होतं, ते टिकलं नाही, श्रीलंकेतून नेलेलं सांबर मात्र अजून आहे. तांबडं हरीण सगळ्यात जास्त फोफावलं.

खरा वाद १९३० च्या निर्णयाचा. क्राइस्टचर्चला परिषद भरली, हरणांचं उरलंसुरलं संरक्षण काढलं आणि पुढच्याच वर्षापासून सरकारने पगारी शिकारी डोंगरात धाडले. कारण काय दिलं, तर हरणं जंगलाचा खालचा थर फस्त करतात, माती उघडी पडते, दरडी कोसळतात, नद्या गाळाने भरतात आणि खाली शेतात पूर येतो. पूर म्हटलं की सरकार हलतं, रोपं मरतायत म्हटलं असतं तर कोण ऐकणार होतं? हा मुद्दा पुढे कित्येक वर्षं चालला, हरणाचं कायद्यातलं नावही १९५६ मध्ये 'उपद्रवी प्राणी' झालं. मग जमिनीची धूप मोजणाऱ्यांनी दाखवलं की तिथले डोंगर मुळात अजून वर उचलले जातायत, भूकंप होतात, पश्चिम उतारावर पाऊस प्रचंड, दरडी हरणं यायच्या आधीपासूनच पडतायत. झालं, शिकारवाले म्हणायला लागले की बघा, हरणं निर्दोष! हे काही मला पटत नाही. दरडीचा आळ फुसका निघाला म्हणून खाल्लेली रोपं परत येत नाहीत ना.

रोपं हरणंच खातात याचा पुरावा बघायला तारेचं कुंपण घातलेले प्लॉट आहेत, जिथे हरीण आत शिरत नाही. आत ग्रिसेलिनिया, शेफ्लेरा अशा रुंद पानांची रोपं डोक्याएवढी वाढलेली, आणि कुंपणाबाहेर तीच रोपं वीतभर किंवा नाहीतच, नुसतं नेचं आणि होरोपितो, ज्याचं पान मिरीसारखं तिखट म्हणून हरीण तोंड लावत नाही. वरची मोठी झाडं दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे लांबून जंगल एकदम धडधाकट दिसतं.

६० च्या दशकात हेलिकॉप्टर आली आणि चित्रच बदललं. दारात बसून गोळ्या घालायच्या, मेलेली हरणं खाली लटकवून आणायची, मटण मुख्यतः पश्चिम जर्मनीला. पुढे हरणांच्या शेतीला परवानगी मिळाल्यावर जिवंत हरणांनाच भाव आला, मग वरून जाळी टाकून पकडायला लागले. पगारी शिकाऱ्यांना जे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते बाजाराने थोड्या वर्षांत केलं. डोंगरमाथ्यावरची उघडी गवताळ कुरणं सुधारली, जिथे ताकाहे हा न उडणारा पक्षी ज्या गवतावर जगतो तेच हरणं खात होती.

पण जंगलाच्या आत तसं झालं नाही. एक तर झाडीत हरीण वरून दिसत नाही. दुसरं म्हणजे त्याचं बरंचसं पोट रोपांवर नाही, मोठ्या झाडांच्या गळलेल्या पानांवर भरतं. पानं रोज गळतातच, त्यामुळे थोडी हरणं आरामात जगतात आणि येताजाता समोर आलेलं आवडीचं रोप खुडतात, म्हणजे हरणं निम्मी झाली तर रोपं दुप्पट होतील हा हिशोबच चुकतो. त्यात मटणाचा भाव पडला की हेलिकॉप्टर उडत नाहीत आणि हरणं परत वाढतात.

मोआही पाला खायचेच, मग हरणांनी काय बिघडवलं, हा युक्तिवाद अधूनमधून येतो. खायचे, पण चोचीने, आणि हरणासारखी झाडाची साल सोलत नव्हते.

सध्या जास्त काळजी उत्तर बेटावरच्या कावेका डोंगररांगेची आहे. तिथे १९०५ मध्ये जवळच सोडलेलं जपानी सिका हरीण आहे, ते तांबड्या हरणापेक्षा चिवट पाल्यावरही निभावतं, आणि डोंगरी बीच (beech) या जातीची म्हातारी झाडं पडून जिथे ऊन आत येतं तिथे बीचचीच नवी रोपं वर येईनाशी झालीत.