वालावरची मगर

डिसेंबरात परसातल्या वालाच्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, चढला, की आमच्या शेजारच्या मावशी सकाळी उन्हाला बसून बोटांनी शेंडे निपटतात. परवा म्हणाल्या, "माव्यात मगरीवानी काय तरी फिरायलंय रे. ते बी चिरडलं."

मी कपाळावर हात मारला. ते ढालकिड्याचं पिल्लू होतं. वाटोळ्या पाठीचा, नारिंगीवर काळ्या नागमोडी रेघांचा ढालकिडा सगळे ओळखतात, पण त्याची काळपट, ठिपकेवाली, सहा पायांची अळी ओळखत नाहीत. खरी खादाड तीच. मोठी होईतो शेकड्यांनी मावा फस्त करते.

तरी मावा तिला पुरून उरतो. आपल्याकडं माव्याच्या माद्यांना नर लागतच नाही. त्या थेट पिल्लं देतात आणि आठवड्याभरात ती पिल्लंही व्यायला लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला दोन-तीन आठवडे हवेत. त्यामुळं जहाल औषध मारलं तर दोघंही मरतात, पण परत येतो तो आधी मावाच, आणि मग त्याला खाणारं कुणी नसतं. म्हणून थोडा मावा वेलावर राहू द्यावा, असं माझं मत आहे. शिधाच नसेल तर पाहुणा थांबेल कशाला?

पान उलटून जवळून बघा. एखादा मावा तपकिरी, टम्म फुगलेला आणि हात लावला तरी न हलणारा दिसेल. तिळाएवढ्या गांधीलमाशीनं त्याच्या पोटात अंडं घातलेलं असतं. अळीनं त्याला आतून खाल्लं की उरतं ते नुसतं टरफल. पाठीला गोल भोक असेल तर समजायचं, नवी माशी उडून गेली. ही माशी स्वतः मधावर जगते, पण तिचं तोंड आखूड. शेपू, कोथिंबीर, बडीशेपेची उघडी, उथळ फुलंच तिला सोसतात. आपण मात्र फुलोरा आला की शेपू उपटून टाकतो! दोन-चार झाडं राहू द्या.

रात्रपाळी बेडकाची. न्हाणीच्या सांडपाण्यावरच्या अळवात दिवसभर दबून बसतो आणि अंधार पडला की अळ्या, भुंगेरे, रातकिडे टिपतो. उन्हाळ्यात त्याला गारवा लागतो. ओल्या सावलीत फुटका माठ आडवा टाकला तरी भागतं. भारतानं १९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, त्यामागं शेतात वाढणाऱ्या किडींची काळजीही होती.

आज वालाच्या पानांमागं मगरी दिसल्या नाहीत. तिथं नारिंगी कोष चिकटले होते. मावशींनी एकाला बोट लावलं, तसा तो ताडकन् उभा राहिला. "अगं माय!" म्हणत त्यांनी हात मागं घेतला आणि तेवढी पानं सोडून बाकीचे शेंडे निपटायला घेतले.